विषय: मोटारीच्या श्वासनळीचा व्यास वाढविण्याबाबत

आपण घेतो तो श्वास पुरेसा आहे की नाही, हे माणसाला स्वतःचं स्वतः कधीच ठरवता येत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो. शेजारी जरा मोठ्याने घेत असला, की आपल्याला धाप लागलीच म्हणून समजा. मोटारींचंही तसंच आहे, फरक इतकाच की मोटारींना हे कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मालकांना कळून घ्यावं लागतं.

होरिगोमे काझुओ, वय सत्तेचाळीस, हुद्दा उपविभागप्रमुख (जलवाहिन्या व मीटर), जपानच्या गुन्मा प्रांतातल्या एका लहान शहराची नगरपालिका. याच्याकडे अठरा वर्षं जुनी टर्बोवाली मोटार होती. एक लाख बासष्ट हजार किलोमीटर झाले, गाडीने एकदाही कुरकुर केली नव्हती. आता कोणत्याही शहाण्या माणसाने अशा गाडीला हात लावला नसता. पण होरिगोमे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकागी डोंगरावरच्या तळ्याकाठी जात असे. तिथे अकरा पुरुष आपापल्या गाड्यांची बॉनेटं उघडून उभे राहतात, एकमेकांशी न बोलता इंजिनांशी बोलतात आणि डबाबंद कॉफी पिऊन घरी येतात. (या संस्थेला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. त्यामुळे ती बावीस वर्षं टिकली आहे.)

तिथे एका रविवारी ओगावारा नावाच्या दंतवैद्याने होरिगोमेच्या उघड्या बॉनेटात वाकून पाहिलं. रुग्णाच्या तोंडात पाहताना तो जसा "हं" म्हणतो, तसा "हं" म्हणाला.

"काय झालं?" होरिगोमेने विचारलं.

"काही नाही हो. घुसमटतेय बिचारी. फिल्टरपासून टर्बोपर्यंत हवा नेणारी नळी अजून कंपनीचीच आहे ना तुमची? चालतंय तोवर चालवा."

'चालतंय तोवर चालवा' हे वाक्य दंतवैद्य फुकट बोलत नाही. त्या दिवसापासून होरिगोमेला चढावर गाडीचा दम ऐकू येऊ लागला. मग सपाटीवर. मग उतारावरही.

सरकारी माणूस मनात आलं आणि दुकानात गेला, असं करत नाही. होरिगोमेने विहित पद्धतीने चौदा महिने चौकशी केली आणि तीन निविदा मागवल्या. पहिली अ‍ॅल्युमिनियमची: आरशासारखी चकचकीत, बॉनेट उघडल्यावर पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो, इंजिनाच्या उष्णतेने तापते आणि आतली हवाही तापवते. दुसरी सिलिकॉनची: निळ्या, लाल व काळ्या रंगांत उपलब्ध, तापत नाही, पण पाहणाऱ्याला स्वतःचा चेहराही दिसत नाही. तिसरी टायटॅनियमची: हाताने जोडलेली, सांध्यांवर मोरपिशी डाग, वजन एका मुळ्याइतकं, आणि प्रतीक्षा यादी इतकी लांब की यादीतल्या दोघांनी दरम्यान गाडीच विकून टाकली. चौथी नळी म्हणजे गाडीतली मूळची, काळ्या प्लास्टिकची. तिने निविदा भरली नाही. जी आधीपासून काम करत असते तिला कुणी निविदा विचारत नाही, हा सर्वच खात्यांचा नियम आहे.

वरील बाबींचा साकल्याने विचार करून निळी सिलिकॉनची नळी निवडण्यात आली. व्यास मूळच्या पासष्ट मिलिमीटरऐवजी ऐंशी. कारण: ऐंशी हे पासष्टपेक्षा जास्त आहेत.

आता मंजुरी. त्या देशात कोणतीही गोष्ट करायची तर एक टिपण सगळ्यांकडे फिरतं आणि प्रत्येक जण त्याच्यावर आपला लाल शिक्का उमटवतो. म्हणजे पुढे काही बिघडलं तर चूक सगळ्यांची, म्हणजेच कुणाचीच नाही. शिक्का मारण्याचीही रीत आहे. हाताखालच्याने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे कागदावरही तो साहेबाला लवून नमस्कार करताना दिसतो. होरिगोमेच्या घरात हेच टिपण चाले, आणि त्यावर कलता शिक्का होरिगोमेचा असे. यात त्याचा कमीपणा नव्हे. डोंगरावरून येणारा कोरडा वारा आणि घरातली बायको, या दोघांपुढे गुन्मात कुणाचंच चालत नाही, हे तिथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

त्याची बायको युकिए मणिचौकटीवर हिशोब करायचा क्लास चालवते. एकोणीस वर्षांत तिचा एकही आकडा चुकलेला नाही. तिने टिपण दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि 'शेरा' या रकान्यात बारीक, देखण्या अक्षरात लिहिलं:

'मंजूर. अट: आपल्या दारापासून अकागीच्या वाटेवरच्या देवळाच्या मोठ्या लाल कमानीपर्यंत, म्हणजे तोरणापर्यंत, घरातली तिन्ही माणसं गाडीत असताना, वेगमर्यादा काटेकोर पाळून, नळी बसवल्यावर पूर्वीपेक्षा निदान एक सेकंद आधी पोचलं पाहिजे. न पोचल्यास मार्चच्या सरकारी तपासणीआधी गाडी विकावी आणि आईच्या गुडघ्यांसाठी सरकत्या दाराची गाडी घ्यावी.'

होरिगोमेने शिक्का पाहिला, शेरा पाहिला नाही. चोवीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला माहीत असतं, की शेरा वाचण्यासाठी नसतो, नंतर दाखवण्यासाठी असतो. तो त्याला नंतर दाखवण्यात आला. तोवर नळीची ऑर्डर गेली होती.

इथे यंत्रशास्त्रातला एक मुद्दा सांगणं भाग आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) हे प्रकरण इंजिन चांगलं तापून, फिरून, आरडाओरडा करायला लागल्यावर जागं होतं. त्या रस्त्याची वेगमर्यादा ताशी चाळीस. चाळीसने चढणाऱ्या गाडीत टर्बो आजोबांसारखा झोपलेला असतो. त्या वेगाने नळीची परीक्षा घेणं म्हणजे पोहण्याची परीक्षा बादलीत घेणं. युकिएला यंत्रशास्त्र कळत नाही. तिला होरिगोमे कळतो.

"अगं, पण चाळीसने काय फरक पडणार?" तो म्हणाला.

"अहो, मग साठने पडतो असं म्हणताय का?" युकिए म्हणाली. "म्हणजे तुम्ही साठने जाता?"

नगरपालिकेचा उपविभागप्रमुख गाडी पुसायला बाहेर गेला.

त्याला ही गाडी जाऊ द्यायची नव्हती. यात उपरोध नाही, हे सरळ घ्यावं. याच गाडीतून त्याने चार दिवसांची मुलगी इस्पितळातून घरी आणली होती, आणि याच गाडीतून गेल्या एप्रिलमध्ये तिला ओसाकाच्या गाडीवर सोडून आल्यावर तो स्टेशनाच्या वाहनतळात चाळीस मिनिटं बसून राहिला होता. (वाहनतळ पहिली तीस मिनिटंच मोफत असतो. उरलेल्या दहाचे त्याने भरले.) शिवाय जगात ही एकच जागा अशी होती जिथे तो उप नव्हता. त्यामुळे तो घाबरला, चांगलाच घाबरला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. नळीवर आणखी विश्वास ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जुन्या नळीसह पहिली मोजणी झाली. मागच्या सीटवर त्याच्या सासूबाई, फुजिनो, वय एकोणऐंशी. पुढे युकिए, हातात क्लासमधलं स्टॉपवॉच. वेळ: एकवीस मिनिटं चौदा सेकंद. वाटेत तीन सिग्नल, एक ट्रॅक्टर, बाकी प्रवास निर्विघ्न.

दुसऱ्या शनिवारी नळी बसवण्यात आली, नेगिशीच्या गॅरेजात. नेगिशी अडुसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्यांना लागेल ते बसवलंय आणि बसवताना दर वेळी विचारलंय की कशाला.

"आधीची काय वाईट होती रे?"

"बारीक आहे, नेगिशीसान."

"तुझं नाकही बारीकच आहे. कचेरीत रोज जातोस ना?"

होरिगोमेने त्याला हवेच्या प्रवाहाचं गणित सांगितलं. नळ्यांतलं त्याला कळतं, तो त्याचा पेशाच. नेगिशीने पूर्ण ऐकून घेतलं. मग जुनी नळी काढली, टर्बोच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं (आणि नंतर ते आठवणीने काढलं, जे काढायला विसरतात त्यांच्या कथा वेगळ्या आणि छोट्या असतात), नवी नळी बसवली, क्लॅम्प आवळले. येणारी हवा मोजणारा एक बोटभर सेन्सर असतो, तो जुन्या नळीतून उपटून नव्या नळीच्या भोकात खोचला. भोक अगदी मापाचं होतं. भोक मापाचं असलं की पुढचं सगळं मापाचं असणार, असं दोघांनीही गृहीत धरलं.

गाडी सुरू केली. आधी जी गाडी नुसती चालू व्हायची ती आता चालू झाली हे गल्लीला कळू लागलं. पाय दाबला की बॉनेटाखालून कुणीतरी लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा, श्शूऽऽऽ, आणि पाय काढला की ठसक्यासारखा फुस्स. होरिगोमेच्या डोळ्यांत पाणी आलं. नेगिशी म्हणाला, "आवाज छान आहे," आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी जाहीर चाचणी झाली. निष्कर्ष नोंदवून ठेवण्यासारखे आहेत. अकरापैकी दहा सभासदांना (अकरावा होरिगोमे, तो पक्षकार असल्याने मोजलेला नाही) गाडी वेगवान झाल्याचं जाणवलं. त्यांपैकी सात जणांना ते मधल्या वेगात जाणवलं, दोघांना सर्व वेगांत, आणि एकाला गाडीत बसल्याबरोबर, इंजिन सुरू होण्यापूर्वी. हे मोजण्याचं उपकरण म्हणजे प्रत्येकाची स्वतःची बैठक, ज्यावर तो बसतो ती. ओगावाराची बैठक या बाबतीत प्रमाण मानली जाते. तिला पाच अश्वशक्तीपर्यंतचा फरक कळतो. ती म्हणाली, बारा. पाचाची अचूकता असलेल्या उपकरणाने बारा सांगितले म्हणजे सतराही असू शकतात. यावर सर्वांचं एकमत झालं.

उरलं होतं फक्त स्टॉपवॉच.

मार्चच्या पहिल्या शनिवारी दुसरी मोजणी. वारा नव्हता. आभाळ कोरडं ठणठणीत. हेच तीन सिग्नल, आणि ट्रॅक्टरसुद्धा नाही. होरिगोमेने मनात हिशोब केला होता, की एकट्या ट्रॅक्टरचेच पाच सेकंद मिळतील. नळीला काही करायलाच नको होतं. नळीने नुसतं गप्प बसावं, एवढीच अपेक्षा होती. पहिला सिग्नल हिरवा. दुसरा सिग्नल कोन्याकू नावाच्या कंदाच्या वड्या करणाऱ्या कारखान्यापाशी, तिथे लाल. थांबले. हिरवा झाला. होरिगोमेने पाय दाबला. बॉनेटाखालून तो लांब, देखणा सुस्कारा आला, आणि गाडी ख्खॉक करून बंद पडली.

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नाही. त्या भागात वाजवत नाहीत, नुसते बघतात. ते जास्त लागतं.

पुन्हा सुरू केली. पुन्हा ख्खॉक. तिसऱ्यांदा निघाली. शेवटी तोरण आलं. युकिएने बटण दाबलं आणि आकडा वाचला: "एकवीस मिनिटं एकवीस सेकंद."

"वारा होता समोरून," होरिगोमे म्हणाला.

"वारा काल होता. आज वाळत घातलेली चादरसुद्धा हलत नाहीये, बघा त्या घरापुढे."

मग सासूबाई बोलल्या. फुजिनोबाईंनी बत्तीस वर्षं किर्यूच्या विणकाम कारखान्यात मागांवर काढली होती. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं पोट कुठे दुखतंय हे त्यांना कळायचं. "आमच्याकडे एखादा माग फार बोलायला लागला ना," त्या म्हणाल्या, "की आम्ही समजायचो, आज कापड कमी निघणार. हिला जेवण कमी पडतंय, जावईबापू. नाक मोठं केलंत तुम्ही, पण ताटात तेवढंच वाढताय."

होरिगोमेने हे ऐकलं आणि सोडून दिलं. तळ्याकाठच्या दहा बैठकांविरुद्ध एका मागवालीचं काय घेऊन बसायचं.

अटीप्रमाणे गाडी जाणार होती. युकिएने सरकत्या दाराच्या गाड्यांची तीन पत्रकं आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली, ती चहाच्या पेल्याखाली दोन दिवस तशीच पडून होती. होरिगोमेला जेवण जाईना. यात काही नवल नाही. पण तिसऱ्या दिवशी युकिएलाही नीट जेवण जाईना, आणि ते मात्र तिच्या हिशोबात नव्हतं.

सोमवारी कचेरीत होरिगोमेपुढे एक फाइल आली. एका तोफूवाल्याने परवानगी न घेता दुकानाची पाण्याची नळी जाड करून घेतली होती आणि मीटर मात्र जुन्या बारीक नळीचंच तिच्यावर बसवलं होतं. असलं मीटर जाड नळीवर खोटं बोलतं. पाणी जातं दहा बादल्या, मीटर मोजतं सात. होरिगोमेने आजवर अशा दोनशे बारा लोकांना नोटिसा काढल्या होत्या. मजकूर तोंडपाठ होता. त्याने लिहायला घेतलं: 'मापकाचा नळीच्या व्यासाशी मेळ नसल्यास मापन कमी नोंदले जाते, ही बाब सामान्य बुद्धीच्या मनुष्यासही...'

पेन थांबलं.

बोटभर सेन्सर. पासष्टच्या नळीसाठी केलेला. ऐंशीच्या नळीत खोचलेला. हवा जातेय दहा, सेन्सर मोजतोय सात, आणि गाडीचा मेंदू बिचारा सातांपुरतंच पेट्रोल वाढतोय. ताटात तेवढंच. सामान्य बुद्धीच्या मनुष्यासही.

जगात ही चूक हसत माफ करता येईल अशी माणसं पुष्कळ आहेत. पण जपानातल्या एका लहान शहराच्या जलवाहिन्या व मीटर विभागाचा उपप्रमुख त्यांत बसत नाही. होरिगोमे कानापर्यंत लाल झाला. त्याने तोफूवाल्याची नोटीस फाडली नाही, नियम तो नियम, पण दंडाच्या जागी 'सूचना देऊन सोडले' असं लिहिलं. मग दार लावून घेतलं आणि दुसरा कागद ओढला.

तो अहवाल मी पाहिला आहे. चोवीस वर्षांच्या नोकरीचं सार त्यात उतरलं आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. प्रास्ताविकात अर्जदाराने आपली चूक निःसंदिग्ध मान्य केली आहे. पुढे म्हटलं आहे:

'(एक) गाडीची आजची नोंद: एकवीस मिनिटे एकवीस सेकंद. (दोन) येत्या तपासणीस गाडी मूळ स्वरूपात न्यावी लागत असल्याने, व सर्व जण तसेच करीत असल्याने, कपाटात गाद्यांखाली जपून ठेवलेली मूळ नळी पुन्हा बसविणे क्रमप्राप्त आहे. (तीन) तसे केल्यावर गाडी एकवीस मिनिटे चौदा सेकंदांत पोचेल, हे पूर्वीच मोजून सिद्ध झाले आहे. (चार) सबब, सदर नळीप्रकल्पाच्या पूर्ततेनंतर गाडी पूर्वीपेक्षा सात सेकंद आधी पोचेल. अट एका सेकंदाची होती. (पाच) उर्वरित सहा सेकंद कुटुंबास अर्पण.'

संध्याकाळी कागद युकिएपुढे ठेवला. शिक्का इतका कलता मारला होता की आडवाच पडला होता म्हणा ना. युकिएने कागद वाचला. मणिचौकट ओढली, मणी वर केले, खाली केले. एकवीस एकवीसमधून एकवीस चौदा गेले. तिने पुन्हा एकदा केलं, दोनदा करायची गरज नसताना.

"अहो," ती म्हणाली, "'पूर्वीपेक्षा' म्हणजे कधीपेक्षा?"

"आजपेक्षा," होरिगोमे म्हणाला. "जुनी नळी बसेल त्या दिवशी आज हेच पूर्वी असेल."

युकिएने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या क्लासमधली मुलं उत्तर बरोबर आणून रीत चुकवतात, तेव्हा ती असंच पाहते. "आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "पण आईच्या गुडघ्यांचं काय?"

"माझे गुडघे कुणी काढले मध्येच?" सासूबाई आतून म्हणाल्या. "महिना उलटला कागद फिरवताय, मला एकदा तरी विचारलंत? मला पुढची सीट द्या. मागून त्या मेल्या इंजिनाचं धड ऐकूही येत नाही."

युकिएने शिक्का मारला. सरळ, मध्यभागी. पत्रकं उचलून रद्दीत टाकली आणि होरिगोमेला दुसऱ्यांदा भात वाढला, तो त्याने सगळा खाल्ला. त्या आठवड्यात नेगिशीने निळी नळी काढली, काळी बसवली, आणि यावेळी मात्र कशाला म्हणून विचारलं नाही. गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली. पुढल्या दुसऱ्या रविवारी तळ्याकाठी दहाही सभासदांनी ती चालवून पाहिली. आता नळी चांगली मुरली आहे, असं त्यांचं मत पडलं. बॉनेट उघडायचं कुणाला सुचलं नाही.

वाचकांपैकी काही जण या ठिकाणी हसले असतील. धडधाकट वस्तू बिघडवायची, मग होती तशी करून ठेवायची आणि त्याला सुधारणा म्हणायचं. आणि घरच्यांनीही त्यावर खुशाल शिक्का मारायचा. आपल्याकडे एवढी भोळी माणसं नाहीत. आपल्या घरासमोरचा चांगला रस्ता मध्यंतरी खणला होता, आठेक महिने आपण फळीवरून तोल सांभाळत घरी जात होतो. मग तो होता तसा, किंवा जरासा कमी, बुजवून दिला. ज्या दिवशी रिक्षा पुन्हा थेट दारापर्यंत आली, त्या दिवशी आपण खाली उतरलो, पायाने रस्ता चाचपून पाहिला आणि शेजाऱ्याला म्हणालो, "काही म्हणा, या खेपेला कामं झाली बुवा." तेव्हा आपल्यापाशी शिक्का नव्हता. बोटाला शाई तेवढी लावून घेतली.